पोलादाला सोन्याचे मोल देणारे रेखाटन

स्विस घड्याळ उद्योगातील जुन्या घराण्यांना नवसंजीवनी देणारे रचनाकार जेराल्ड जेंटा यांच्या कारकिर्दीचा आढावा

१९७२ च्या एप्रिल महिन्यात स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरात भरलेल्या वार्षिक घड्याळ प्रदर्शनात ‘ऑदमार पिगे’ या कंपनीने एक मनगटी घड्याळ मांडले. कंपनीची शंभरी जवळ आली होती आणि सोन्यातील नाजूक, पातळ घड्याळांसाठी तिची ख्याती होती. हे घड्याळ मात्र पोलादाचे होते. काचेभोवतीची कड गोल नव्हे, तर अष्टकोनी होती आणि तिच्यावर आठ स्क्रू उघडे दिसत होते. घड्याळजी एरवी जे आत लपवतो, ते येथे दर्शनी भागावर मिरवले होते. किंमत होती तीन हजार स्विस फ्रँकांहून अधिक, म्हणजे त्या काळातील अनेक सोन्याच्या घड्याळांपेक्षाही जास्त. साहजिकच अनेकांनी नाके मुरडली.

‘रॉयल ओक’ हे त्या घड्याळाचे नाव. पुढील पन्नास वर्षांत कंपनीचा बहुतांश व्यवसाय याच घड्याळाच्या कुटुंबावर उभा राहिला. तबकडीवर कंपनीचे नाव होते. ज्याने ते कागदावर उतरवले त्याचे नाव मात्र कोठेही नव्हते. तो रचनाकार म्हणजे जेराल्ड जेंटा. जुन्या नाममुद्रेचे पुनरुज्जीवन म्हणजे तिच्या गतवैभवाची उजळणी, असा एक समज आहे. जेंटा यांची कारकीर्द या समजाला छेद देते. त्यांनी जुन्या घराण्यांना भूतकाळ परत दिला नाही, तर नवे रूप दिले. आणि त्या रूपाचे श्रेय स्वतःच्या पदरात पडायला त्यांना आयुष्याचा मोठा काळ थांबावे लागले.

पंधरा फ्रँकला एक चित्र

जेंटा यांचा जन्म १ मे १९३१ रोजी जिनिव्हात झाला. आई स्विस, तर वडिलांचे मूळ इटलीतील पिडमाँट प्रांतातले. जेराल्ड यांनी घड्याळजीचे नव्हे, तर सोनाराचे आणि जडजवाहिर घडविण्याचे शिक्षण घेतले. विसाव्या वर्षी ते पूर्ण झाले आणि सरकारी पदविका हाती आली. ही पार्श्वभूमी महत्त्वाची आहे. घड्याळजी चक्रांपासून सुरुवात करून बाहेरच्या आवरणापर्यंत येतो. जेंटा यांचा प्रवास उलटा होता. आधी रूप, मग ते रूप पेलेल अशी यंत्रणा.

त्या काळी स्विस उद्योगात ‘रचनाकार’ हा स्वतंत्र पेशा जवळजवळ अस्तित्वातच नव्हता. केस एक कारखाना बनवी, तबकडी दुसरा, काटे तिसरा आणि पट्टा चौथा. कंपनी हे सारे जुळवून त्यावर आपले नाव घाली. घड्याळाचे समग्र रूप आधी एका माणसाने कागदावर उतरवावे, ही कल्पनाच नवी होती. तरुण जेंटा जलरंगांत रंगविलेली चित्रे घेऊन घड्याळ कंपन्यांचे उंबरे झिजवू लागले. एका चित्राला पंधरा फ्रँक मिळत. चित्र विकले की त्यावरचा हक्कही संपला. त्याचे घड्याळ झाले का, किती खपले, हे विचारण्याची सोय नव्हती. उद्योगाचा हा रिवाज पुढे दीर्घकाळ टिकला.

उत्तर ध्रुवावरून जाणारे घड्याळ

पहिले मोठे यश वयाच्या तेविसाव्या वर्षी मिळाले. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्स सिस्टिम या विमान कंपनीने नोव्हेंबर १९५४ मध्ये कोपनहेगन ते लॉस एंजेलिस अशी उत्तर ध्रुवीय प्रदेशावरून जाणारी नियमित सेवा सुरू केली. या मार्गाने युरोप आणि अमेरिकेचा पश्चिम किनारा यांतील अंतर बरेच घटले. अडचण होती ती चुंबकीय क्षेत्राची. ध्रुवाजवळच्या तीव्र चुंबकीय प्रभावाने यांत्रिक घड्याळाची गती बिघडू शकते. तो प्रभाव सोसणारे घड्याळ बनविण्याचे काम ‘युनिव्हर्सल जेनेव्ह’ या १८९४ साली स्थापन झालेल्या कंपनीकडे आले आणि त्याची रचना जेंटा यांच्याकडे.

हे घड्याळ ‘पोलराउटर’ या नावाने प्रसिद्ध झाले. केसला पट्टा जोडणाऱ्या टोकांना दिलेला किंचित पीळ आणि तबकडीच्या कडेने फिरणारे खाचांचे वर्तुळ ही त्याची ओळख. तांत्रिक गरजेतून जन्मलेली वस्तू देखणी असू शकते, हे तत्त्व जेंटा यांच्या पुढील कामाचा पाया ठरले. यानंतर ओमेगाच्या ‘कॉन्स्टेलेशन’ मालिकेसह अनेक नामवंत घड्याळांच्या रचनांना त्यांचा हात लागला. १९६९ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाची कंपनी स्थापन केली.

क्वार्ट्झची लाट

त्याच वर्षी, २५ डिसेंबर १९६९ रोजी, जपानच्या सेको कंपनीने ‘ॲस्ट्रॉन’ हे जगातील पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ टोकियोत विक्रीला आणले. स्प्रिंग आणि चक्रे यांच्याऐवजी बॅटरी आणि क्वार्ट्झच्या स्फटिकाची कंपने. अचूकतेत यांत्रिक घड्याळ त्याच्यापुढे टिकणे शक्य नव्हते. सुरुवातीला ४ लाख ५० हजार येन किंमत असलेले हे तंत्रज्ञान काही वर्षांतच सामान्यांच्या खिशाला परवडू लागले.

दुसरा आघात चलनाचा होता. ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरची सोन्याशी असलेली सांगड तोडली. त्यानंतर स्विस फ्रँक वधारत गेला, स्विस माल परदेशी ग्राहकाला महाग पडू लागला आणि सोन्याचे भावही चढले. १९७० मध्ये स्विस घड्याळ उद्योगात सुमारे ९० हजार लोक काम करीत होते. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही संख्या तीस हजारांच्या आसपास आली. जुरा पर्वतराजीतील गावांचा चरितार्थ पिढ्यान्‌पिढ्या याच कामावर चालत आला होता. नाममुद्रांचा इतिहास सांगताना या रिकाम्या झालेल्या कारखान्यांची आठवण ठेवावी लागते. जुन्या घराण्याचे टिकणे म्हणजे केवळ एका नावाचे टिकणे नव्हे; ते शेकडो हातांतील कसबाचे टिकणे असते.

एका रात्रीचे रेखाटन

ऑदमार पिगे ही १८७५ पासून जू खोऱ्यातील ल ब्रासू या गावी काम करणारी, संस्थापकांच्या कुटुंबांच्या ताब्यातील तुलनेने छोटी कंपनी. तिचे प्रमुख जॉर्ज गोले यांना बदलत्या हवेची चाहूल लागली होती. इटलीच्या बाजारपेठेतून वेगळ्या प्रकारच्या पोलादी घड्याळाची मागणी येत होती. रोजच्या वापरात, खेळाच्या मैदानात आणि मेजवानीतही घालता येईल असे घड्याळ ग्राहकांना हवे होते. जेंटा यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, बाझेलच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास गोले यांचा दूरध्वनी आला. पूर्वी कधी कोणी न पाहिलेले पोलादी घड्याळ हवे आणि त्याचे चित्र सकाळपर्यंत हवे, असा तो निरोप होता. जेंटा यांनी रात्रीत चित्र पूर्ण केले.

कल्पना बालपणातील एका दृश्यातून आली होती. जिनिव्हात पुलाजवळ पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्याच्या डोक्यावर धातूचे शिरस्त्राण बसविताना त्यांनी पाहिले होते. काचेच्या खिडकीभोवती स्क्रू आणि पाणी अडविणारी रबरी कडी. हाच आकार मनगटावर आला. रॉयल ओकमध्ये कड आणि केस यांच्यामधील रबरी गॅस्केट झाकलेले नाही, ते बाहेरून दिसते. आठ षटकोनी स्क्रू पांढऱ्या सोन्याचे. ते षटकोनी खाचांत घट्ट बसत असल्याने फिरू शकत नाहीत आणि घट्ट करण्याचे काम मागील बाजूने होते. त्यामुळेच त्यांच्या डोक्यांवरील रेषा एका वर्तुळात नेमक्या जुळलेल्या दिसतात. शोभा आणि उपयोग यांची अशी बेमालूम सांगड हे जेंटा यांचे वैशिष्ट्य.

कागदावरील चित्र प्रत्यक्षात आणणे मात्र एका रात्रीचे काम नव्हते. पोलाद सोन्यापेक्षा कठीण. इतके कोन आणि इतक्या धारा त्यावर काढणे केस बनविणाऱ्यांना जड गेले. म्हणून पहिले नमुने पांढऱ्या सोन्यात करावे लागले. मनगटाकडून टोकाकडे क्रमाक्रमाने अरुंद होत जाणाऱ्या पट्ट्याचे काम जिनिव्हाच्या ‘गे फ्रेर’ या कारखान्याने केले. निळ्या तबकडीवर बारीक चौकटींची नक्षी जुन्या कोरीव यंत्रावर काढण्यात आली. आत बसविलेली स्वयंचलित यंत्रणा जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची होती. त्यामुळे ३९ मिलिमीटर व्यासाचे, तेव्हाच्या मानाने भलेमोठे घड्याळही मनगटावर पातळ बसे. प्रदर्शनातील टवाळीमागचे खरे कोडे येथे उलगडते. ग्राहक पोलादाच्या वजनाचे नव्हे, तर त्यावर झालेल्या कामाचे पैसे मोजत होता. किंमत धातूची नसून कसबाची असते, हे सांगणारे ते घड्याळ होते.

शंका, विलंब आणि यश

घड्याळाला मिळालेले नाव ब्रिटिश नौदलाच्या ‘रॉयल ओक’ युद्धनौकांवरून घेतलेले आणि त्या नौकांचे नाव १६५१ मधील पराभवानंतर राजा दुसरा चार्ल्स ज्या ओक वृक्षात लपला त्यावरून. पहिल्या काही महिन्यांत विक्री संथ होती. इटलीतील श्रीमंत आणि चोखंदळ तरुण वर्गाने प्रथम हे घड्याळ उचलून धरले आणि हळूहळू त्याचा बोलबाला झाला.

येथे श्रेयाची विभागणी नीट करायला हवी. चित्र जेंटा यांचे. पण ते स्वीकारून कंपनीची पत पणाला लावण्याचा निर्णय गोले यांचा. १९७६ मध्ये जॅकलिन दिमिए या कंपनीच्या रचनाकर्तीने स्त्रियांसाठी त्याची लहान आवृत्ती तयार केली आणि रॉयल ओक हे एकटे घड्याळ न राहता कुटुंब बनू लागले. १९९३ मध्ये ‘रॉयल ओक ऑफशोअर’ ही अवजड, आडदांड आवृत्ती आली. ती जेंटा यांना मुळीच रुचली नाही, असे सांगितले जाते. बाजाराने मात्र तिलाही डोक्यावर घेतले. विकलेल्या चित्रावर चित्रकाराचा शब्द चालत नाही, याचा हा आणखी एक दाखला.

पाच मिनिटांचा ‘नॉटिलस’

ऑदमार पिगेचे यश इतर घराण्यांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. जेंटा यांनी सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. बाझेलच्या एका हॉटेलात ते एकटेच जेवत होते आणि पलीकडच्या टेबलावर ‘पाटेक फिलिप’चे अधिकारी बसले होते. त्यांनी वाढप्याकडून कागद-पेन्सिल मागवली आणि पाच मिनिटांत एक घड्याळ रेखाटले. जहाजाच्या बाजूला असलेल्या गोल खिडकीचा आकार, दोन्ही बाजूंना बिजागरीसारखे कान. १९७६ मध्ये ते ‘नॉटिलस’ या नावाने बाजारात आले. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतील पाणबुडीचे हे नाव. सोन्याच्या घड्याळांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या सनातनी घराण्याने आपल्या जाहिरातीत पोलादाची महागाई अभिमानाने मिरवली.

त्याच वर्षी शाफहाउझेन येथील ‘आयडब्ल्यूसी’ कंपनीच्या ‘इंजेनिअर’ या १९५५ पासून चालत आलेल्या घड्याळाला जेंटा यांनी नवे रूप दिले. त्याला बाजारात फारसे यश आले नाही. तथापि २०२३ मध्ये कंपनीने हे घड्याळ नव्याने सादर केले, तेव्हा आधारासाठी जेंटा यांचीच १९७६ ची रचना निवडली. १९७७ मध्ये रोमच्या ‘बुल्गारी’ या जवाहिऱ्यांच्या घराण्यासाठी त्यांनी कडेवर दोनदा नाव कोरलेले ‘बुल्गारी बुल्गारी’ घड्याळ रचले. सम्राटाच्या मुद्रेभोवती अक्षरे कोरलेल्या प्राचीन रोमन नाण्यांची ती आठवण होती. १९७९ मध्ये सेकोच्या ‘क्रेडोर’ मालिकेसाठी षटकोनी ‘लोकोमोटिव्ह’ साकारले. ज्या कंपनीच्या क्वार्ट्झने स्विस उद्योगाला हादरा दिला, तिच्यासाठीही जेंटा यांनी काम करावे, यात त्यांना विसंगती वाटली नाही. त्यांचा झगडा यंत्राशी नव्हता, रूपाच्या कंटाळवाणेपणाशी होता.

त्यांच्या शैलीचा ठसा इतका गडद झाला की, दुसऱ्यांची कामेही त्यांच्या खात्यावर जमा होऊ लागली. ‘व्हॅशरॉन कॉन्स्टँटिन’चे १९७७ चे ‘२२२’ हे घड्याळ अनेक वर्षे जेंटा यांचे मानले जाई. वास्तविक ते यॉर्ग हायसेक या तरुण रचनाकाराचे होते. आधी स्वतःच्या कामावर नाव नाही आणि नंतर दुसऱ्याच्या कामावर आपले नाव, असा हा विचित्र न्याय.

स्वतःच्या नावाचे घड्याळ

स्वतःच्या कंपनीत जेंटा अगदी निराळ्या वाटेने गेले. दुसऱ्यांसाठी संयत रेषा काढणारा हा कलावंत स्वतःच्या तबकडीवर मनसोक्त खेळला. १९८४ मध्ये जिनिव्हातील एका प्रतिष्ठित प्रदर्शनात त्यांनी डिस्नेच्या परवान्याने केलेली मिकी माउसची सोन्याची घड्याळे मांडली. मिकीचा हात मिनिटे दाखवी. संयोजकांनी ती काढून ठेवण्यास सांगितले. जेंटा यांनी घड्याळे न काढता प्रदर्शनातूनच काढता पाय घेतला. शिकारीला जाणाऱ्यांसाठी त्यांनी काशाच्या केसचे ‘गेफिका’ घड्याळही केले. उन्हात चकाकून सावजाला सावध करणार नाही, हा त्यामागचा विचार. काळाबरोबर काळवंडणारे कासे महागड्या घड्याळात वापरण्याची टूम पुढे अनेक कंपन्यांनी उचलली.

दुसरीकडे, १९९४ मधील ‘ग्रँड सोनेरी’ हे घड्याळ त्यांच्या महत्त्वाकांक्षेचे शिखर. हजाराहून अधिक सुटे भाग, लंडनच्या वेस्टमिन्स्टर घड्याळाच्या धर्तीवर आपोआप पडणारे टोले आणि लीप वर्षाचाही हिशेब ठेवणारी दिनदर्शिका, हे सारे एका मनगटावर. जुन्या यांत्रिक कलेवर त्यांची किती श्रद्धा होती, हे या घड्याळातून दिसते.

व्यवसायाचे गणित मात्र वेगळे असते. १९९० च्या दशकात त्यांची कंपनी सिंगापूरच्या ‘द अवर ग्लास’कडे गेली आणि २००० मध्ये ती बुल्गारीने घेतली. कंपनीबरोबर नावही गेले. ‘जेराल्ड जेंटा’ हे नाव आता खुद्द जेराल्ड जेंटा यांना घड्याळावर घालता येईना. म्हणून त्यांनी ‘जेराल्ड चार्ल्स’ या नावाने, म्हणजे आपल्या नावातील दोन शब्दांखाली, नवी कंपनी काढली. आयुष्यभर इतरांची नावे मोठी करणाऱ्या माणसाला उतारवयात स्वतःच्या नावाला मुकावे लागले.

मृत्यूनंतरचा उजाळा

१७ ऑगस्ट २०११ रोजी वयाच्या ऐंशीव्या वर्षी जेंटा यांचे निधन झाले. एक गंमत अशी की, त्यांना स्वतःला घड्याळ घालणे आवडत नसे. वेळेचे बंधन त्यांना स्वातंत्र्याच्या आड येणारे वाटे. चित्रकला हेच त्यांचे पहिले प्रेम होते. त्यांच्या पत्नी एव्हलिन यांनी चित्रांचा प्रचंड संग्रह जपून ठेवला आणि २०१९ मध्ये त्यांचा वारसा जतन करण्यासाठी संस्थाही स्थापन झाली.

त्यानंतर काळाने जणू थकबाकी चुकती करायला सुरुवात केली. डिसेंबर २०२१ मध्ये फिलिप्स या लिलावसंस्थेच्या न्यूयॉर्कमधील विक्रीत टिफनी कंपनीच्या फिकट निळ्या तबकडीचा एक नॉटिलस सुमारे ६५ लाख डॉलरला गेला. २०२२ मध्ये सदबीजच्या लिलावांत रॉयल ओकच्या मूळ चित्राला पाच लाख फ्रँकांहून अधिक, तर जेंटा यांच्या स्वतःच्या रॉयल ओकला वीस लाख फ्रँकांहून अधिक किंमत आली. एके काळी ज्यांच्या चित्राला पंधरा फ्रँक मिळत, त्यांच्या एका कागदाचे हे मोल.

बुल्गारी २०११ मध्ये फ्रान्सच्या एलव्हीएमएच समूहात सामील झाल्याने जेंटा यांचे नावही त्या समूहाकडे आले. २०२३ मध्ये समूहाच्या लुई व्हितॉन कारखान्याने ‘जेराल्ड जेंटा’ ही स्वतंत्र नाममुद्रा पुन्हा सुरू करीत असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी युनिव्हर्सल जेनेव्ह ब्राइटलिंगच्या मालकांनी विकत घेतली आणि २०२४ मध्ये ध्रुवीय विमानसेवेच्या सत्तरीनिमित्त पोलराउटरची तीन घड्याळे सादर झाली. क्रेडोरनेही २०२४ मध्ये लोकोमोटिव्ह पुन्हा बाजारात आणले. पंचवीस, पन्नास, सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या रेषांवर आता नवी दुकाने उघडत आहेत.

वारसा कशाचा?

या पुनरागमनात एक धोकाही दडला आहे. जेंटा यांचे मोठेपण जुने उगाळण्यात नव्हते. रॉयल ओक हे ऑदमार पिगेच्या जुन्या घड्याळांसारखे अजिबात नव्हते, म्हणूनच ते ऑदमार पिगेला वाचवू शकले. घराण्याचे कसब जुने, रूप मात्र पूर्णपणे नवे, हे त्यांचे सूत्र होते. आजचे पुनरुज्जीवन त्याच रूपाच्या आवृत्त्या काढण्यावर थांबले, तर नाव जेंटा यांचे राहील, रीत मात्र त्यांची राहणार नाही.

आता घड्याळ कंपन्या रचनाकारांची नावे जाहिरातीत अभिमानाने छापतात. अष्टकोनी कडेइतकाच हा बदलही जेंटा यांच्या कारकिर्दीचे फलित मानावा लागेल. बिननावाच्या कागदांपासून सुरू झालेल्या त्या प्रवासाने घड्याळाच्या कारखान्यात रचनाकाराला बसायला हक्काची खुर्ची मिळवून दिली.

कारकिर्दीतील प्रमुख टप्पे

१९३१ : जिनिव्हात जन्म
१९५४ : युनिव्हर्सल जेनेव्हचे ‘पोलराउटर’
१९६९ : स्वतःच्या नावाच्या कंपनीची स्थापना
१९७२ : ऑदमार पिगेचे ‘रॉयल ओक’
१९७६ : पाटेक फिलिपचे ‘नॉटिलस’, आयडब्ल्यूसीचे ‘इंजेनिअर एसएल’
१९७७ : ‘बुल्गारी बुल्गारी’
१९७९ : सेको क्रेडोरचे ‘लोकोमोटिव्ह’
१९८४ : मिकी माउसच्या घड्याळांवरून प्रदर्शनातून माघार
१९९४ : ‘ग्रँड सोनेरी’
२००० : ‘जेराल्ड जेंटा’ नाममुद्रा बुल्गारीकडे
२०११ : निधन
२०२३ : ‘जेराल्ड जेंटा’ नाममुद्रेच्या पुनरागमनाची घोषणा